रव्यासाठी पाण्यात ठेवलेली बोट

या, असे जवळ या. दारापाशी वारा लागेल. बूट तिथेच राहू द्यात, कोट खुर्चीवर टाका आणि पुढे सरकून बसा. कीर्तनात मागच्या रांगेला टाळ ऐकू येतात, पण बुवांच्या गळ्यातला कंप ऐकायचा तर पुढेच बसावं लागतं. आज एक गोष्ट सांगायची आहे. ती देवाची नाही, संताचीही नाही. विंडसरच्या नंदू चौबळांची आणि त्यांच्या बोटीची आहे. ऐकून कडवट तोंडाने उठलात तर राग मानू नका. सगळ्याच गोष्टींच्या शेवटी खडीसाखर ठेवता येत नाही.

सगळं मराठी मंडळ त्यांना नंदूकाका म्हणतं, आपणही तसंच म्हणू. नंदूकाका मूळचे रेवदंड्याचे. घरापासून खाडी हाकेच्या अंतरावर, पण वल्हं कधी हातात धरलं नाही. वडील पोस्टात, आणि मुलाने इंजिनियर व्हायचं हे तो पाळण्यात असतानाच ठरलेलं. झाला इंजिनियर. सत्तरच्या दशकात कॅनडात आला, विंडसरच्या एका मोटारींच्या कारखान्यात लागला आणि केस पिकेपर्यंत ब्रेक तपासत राहिला. निवृत्त झाल्यावर लोक फ्लोरिडात कॉंडो बघतात, ह्यांनी इरी सरोवराच्या काठच्या एका लहानशा बंदरात पडून असलेली जुनी बोट घेतली. अरुणाकाकू तेव्हा म्हणाल्या होत्या, पोहता येत नाही तो माणूस बोट घेतो, म्हणजे मुंज न झालेल्याने पौरोहित्य करावं तशी गत आहे.

पण काकूंनाही पुढे कबूल करावं लागलं की नवऱ्याला असं हसताना त्यांनी कारखान्याच्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. नंदूकाकांनी बोटीचं कुजलेलं लाकूड काढून नवीन बसवलं, बसायच्या गाद्या स्वतः शिवल्या, इंजिन सुटं करून बेसमेंटमध्ये आणलं आणि लोणच्याच्या बरण्यांशेजारी मांडून पुन्हा जोडलं. मागच्या बाजूला देवनागरीत नाव रंगवलं, ‘ऊर्मी’. त्या बंदरात ते कुणाला वाचता येत नसे, आणि याचाच त्यांना मोठा आनंद.

नारळी पौर्णिमेला ते सरोवराला नारळ वाहत. कोजागिरीला मंडळाचे लोक थर्मासमधून मसाला दूध घेऊन बोटीवर येत आणि कुडकुडत चंद्र बघत. मग एका उन्हाळ्यात मंडळातल्या एक आजी गेल्या. घरच्यांना लगेच भारतात जाणं जमेना. नंदूकाकांनी विचारलं, माझ्या बोटीतून नेऊ का अस्थी? पाणी ते पाणीच. त्या दिवशी सरोवर ताटातल्या पाण्यासारखं शांत होतं. मुलाने कलश सोडला, सुनेने फुलं सोडली, आणि परतताना तो मुलगा नंदूकाकांच्या पाया पडला. तेव्हापासून रीतच पडली. विंडसरमध्ये कुणी गेलं की दोन-चार दिवसांनी नंदूकाकांचा फोन वाजायचा.

आता रव्याबद्दल. रवींद्र खांबेटे हे त्याचं पूर्ण नाव, पण नंदूकाकांच्या तोंडी तो जन्मभर रव्या. दोघे एकाच वर्षी आले, एकाच कारखान्यात लागले, लग्नं होईपर्यंत एकाच खोलीत राहिले. पिठलं करण्याची पाळी रव्याची आणि भांडी नंदूची, हा करार रव्याने केला, कारण पिठल्याला वेळ कमी लागतो. तो असाच. गप्पिष्ट, हजरजबाबी, आणि दुसऱ्याकडून काम काढून घेण्यात पटाईत. पण त्याने काम सांगितलं की सांगितलेल्याला आपला मान झाल्यासारखं वाटे. ती त्याची विद्याच होती.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस रव्याचं पोट दुखायला लागलं, आणि झाडांची पानं तांबडी व्हायच्या आत डॉक्टरांनी सांगून टाकलं की आता उपाय नाही, नोव्हेंबर निघणं कठीण. त्याला घरी आणलं. पुढच्या खोलीत, मोठ्या खिडकीपाशी, वरखाली होणारी खाट लावली. नर्स येऊन-जाऊन असे. बायको वनिता सदैव पायाशी. मुलगा श्रेयस ग्वेल्फला विद्यापीठात पिकांच्या रोगांवर संशोधन करतो, तो दर शनिवारी गाडी हाकत येई.

ऑक्टोबरमधली गोष्ट. नंदूकाका भेटायला गेले, तेव्हा वनिता चहा टाकायला आत गेली होती. रव्याने त्यांचं मनगट धरलं. हात काटकीसारखा झाला होता, पण पकड घट्ट.

“नंद्या, एक मागतो. माझं झालं की मला तुझ्या बोटीतून सोड. दुसरीकडे कुठे नाही.”

नंदूकाका म्हणाले, काहीतरी बोलू नकोस.

“काहीतरी नाही. बोट पाण्याबाहेर काढू नकोस एवढ्यात. मी काही वसंतापर्यंत थांबत नाही. आणि वनितासमोर हा विषय नको, तिला सोसायचं नाही. शब्द दे.”

नंदूकाकांनी शब्द दिला. घरी येताना गाडीत त्यांना वाटलं, इतकी माणसं असताना त्याने मलाच निवडलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा अभिमानही वाटला.

आता ज्यांना बोटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगायचं, की आपल्या कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झावळ्यांखाली ठेवतात, तसं इथे थंडीआधी करतात. ऑक्टोबर संपता संपता बंदरावर क्रेन येते, एकेक बोट उचलून काठावर ठेवते, वरून प्लॅस्टिकचं आवरण बसवतात, आणि मग बोटीचा मालक निर्धास्तपणे उबदार घरात झोपतो. पाण्यात राहिलेल्या बोटीला नोव्हेंबरचा वारा सोडत नाही, आणि वाऱ्यातून वाचलीच तर बर्फ. रेवदंड्याच्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं.

बंदराचा व्यवस्थापक डग नावाचा मनुष्य होता. त्याने फोन केला, मग पुन्हा केला, मग म्हणाला की क्रेन परत जाते आहे, तुझी एकटीच राहिली, काय करू? नंदूकाका म्हणाले, राहू दे. डगने विचारलं का. काय सांगणार? माझा मित्र मरायची वाट बघतोय, असं? ते म्हणाले, घरगुती कारण आहे. डग म्हणाला, तुझी बोट, तुझी मर्जी. पण हिवाळ्यात धक्क्यावरची वीज बंद असते आणि मी रोज काही इथे नसतो.

क्रेन गेली आणि नंदूकाकांची झोप गेली.

त्यांनी फोनवर वाऱ्याचं अ‍ॅप घेतलं. जेवताना बघत, आरतीला उभं राहताना बघत, वॉशरूममध्ये तर तासभर. वारा हिरवा दिसला की जेवण जाई, तांबडा झाला की ताट सरकवत. घराच्या मागच्या मेपलची फांदी हलली की त्यांच्या डोळ्यांपुढे दोर ताणलेली ‘ऊर्मी’ उभी राही. बोटीच्या तळात झिरपलेलं पाणी उपसायला एक पंप होता, तो बॅटरीवर चाले. धक्क्यावर वीज नाही, म्हणून दर थोड्या दिवसांनी ती जड बॅटरी उपटून घरी आणायची, बेसमेंटमध्ये चार्ज करायची, दुसरी तिकडे नेऊन लावायची. त्यांची पाठ गेली. अरुणाकाकू गरम पाण्याची पिशवी देत आणि बरोबर दोन शब्दही देत. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने बर्फ पडलेल्या धक्क्यावर बॅटरी घेऊन चालायचं, आणि घसरला तर? तेव्हा त्याच बोटीतून दोघांनाही एकदम सोडू, म्हणजे पेट्रोल वाचेल, असं त्या म्हणत.

कारण त्यांना नंदूकाकांनी सांगितलं होतं. बायकोपासून काय लपणार? ऐकून त्या सरळ म्हणाल्या,

“वनिताला विचारून घ्या. त्यांच्या घरचं काय ठरलंय ते तरी कळेल.”

“काय विचारू? तुमचा नवरा जाणारच आहे, तर पुढचा बेत काय, असं?”

“तसं कशाला, नीट शब्दांत विचारा.”

“नीट शब्द सांग मग मला.”

काकूंना सांगता आले नाहीत. आणि मंडळी, तुम्हाला तरी सांगता येतील का? डग असता तर त्याने बेलाशक विचारलं असतं, इथे लोक जिवंतपणी स्वतःच्या अंत्यविधीची गाणी ठरवून ठेवतात. पण आपल्या घरात मनुष्य खाटेवर असताना अस्थी हा शब्द उच्चारला, तर उच्चारणाऱ्याचं तोंड लोक जन्मभर लक्षात ठेवतात. श्रेयस त्या घरात, वनिता त्या घरात, नंदूकाका दर दोन दिवसांनी त्या घरात. सगळ्यांना ठाऊक काय होणार आहे, आणि सगळे बोलत होते ते आज नाश्ता किती खाल्ला याबद्दल.

रव्या मात्र त्यांना पाहिलं की विचारी, “काय म्हणतेय ऊर्मी? काढली नाहीस ना?” नंदूकाका सांगत, नाही रे, आहे पाण्यात. मग रव्याचा चेहरा खुले. पुन्हा कधी येशील, उद्या येतोस का, असं तो विचारी. तो आपल्या बोटीच्या खबरीची वाट बघतो आहे, असं नंदूकाकांना वाटे.

नोव्हेंबर संपला. डॉक्टरांनी जे दिवस सांगितले होते ते गेले, आणि रव्या होता. उलट थोडा तरतरीत झाला. एक दिवस श्रीखंड मागितलं आणि वाटीभर खाल्लं. वनिताने फोन करून ही बातमी दिली तेव्हा तिचा आवाज मुलीसारखा झाला होता. नंदूकाका म्हणाले, वा वा, फारच छान वहिनी. फोन ठेवला, आणि त्याच्या पडद्यावर आठवड्याचा वारा दिसत होता, तो तांबडा होता.

त्या रविवारी देवळात आरतीच्या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि पुटपुटले, सोडव रे देवा त्याला, लवकर सोडव. शेजारी अरुणाकाकू होत्या, त्यांनी ऐकलं, त्यांचे डोळे भरले. मित्राच्या यातना बघवत नाहीत म्हणून मागतोय, असं त्यांना वाटलं. कुणालाही तसंच वाटलं असतं. पण नंदूकाकांना स्वतःला ठाऊक होतं की त्या प्रार्थनेत यातना नव्हत्या. बर्फ धरायच्या आत, एवढंच होतं. घरी जाऊन त्यांनी देव्हाऱ्यापुढे कान धरले, आणि मग पुन्हा अ‍ॅप उघडलं.

डिसेंबरच्या मध्यावर नैर्ऋत्येचं वादळ आलं.

इरी सरोवराची एक खोड आहे. ते लांबट आणि उथळ. नैर्ऋत्येचा जोरदार वारा सुटला की परातीत पाणी एका बाजूला कलावं तसं सगळं पाणी पूर्वेकडे लोटलं जातं. आपल्या बाजूचं बंदर पार उघडं पडतं. मग वारा थकला की ते सगळं पाणी परत येतं, आणि येताना विचारून येत नाही. अशा वेळी बोटीचे दोर आखूड असले तर बोट लटकते, आणि सैल असले तर पाणी परतताना ती कुठेही जाऊन अडकते. म्हणजे जवळ उभं राहून, पाणी जसं उतरेल तसे दोर सोडायचे आणि चढेल तसे ओढायचे. दुसरा इलाज नाही.

सकाळीच नंदूकाका निघाले. काकूही हट्टाने बरोबर बसल्या. रस्त्यावर बर्फाचे लोट आडवे वाहत होते, विंटर टायर्स असूनही गाडी मध्येच भलतीकडे जाऊ बघे. बंदरात पोचले तर पाणी नव्हतंच. काळाकुट्ट चिखल, त्यात जुने टायर, बाटल्या, कुणाची तरी बुडालेली खुर्ची. आणि ‘ऊर्मी’ धक्क्याच्या खांबांना दोन दोरांवर लटकलेली, एक अंग वर, एक अंग खाली, खुंट्या उपटून यायच्या बेतात. दोर इतके ताणलेले की वारा लागून त्यांतून सूर निघत होता.

नंदूकाका धक्क्यावर पालथे पडले आणि दातांनी, नखांनी, पान्याने त्या गोठलेल्या गाठी सोडवायला लागले. काकूंनी त्यांचे दोन्ही पाय धरून ठेवले होते. शेवटी एक दोर सुटला, मग दुसरा, आणि बोट हळूच चिखलात टेकली. खरचटली, पण शाबूत. दोर त्यांनी लांब सैल बांधले. आता थांबायचं होतं. संध्याकाळपर्यंत वारा पडणार होता, पाणी परतणार होतं, आणि ते परतताना इथे माणूस हवा होता. त्यांनी गाडीत हीटर लावला, काकूंनी डब्यातली थालीपिठं काढली. नंदूकाका म्हणाले, “वाचली गं.” कित्येक आठवड्यांत त्यांनी पोटभर खाल्लं ते तेव्हा.

आणि फोन वाजला. वनिता होती. “नंदूभावजी, कुठे आहात? ह्यांनी सकाळपासून तुमचा ध्यास घेतलाय. श्वास लागलाय. लगेच याल का?”

नंदूकाकांनी काचेतून बोटीकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, मी थांबते, तुम्ही जा. पण गाडी एकच, बाहेर उणे किती थंडी, आणि दोरांना काकूंचे हात पुरणार नव्हते. डगला फोन लावला, तो लागला नाही. मग नंदूकाकांच्या मनात आलं, ज्याच्यासाठी बोट ठेवली तोच जर आत्ता जातो आहे, तर मी इथे बोट कुणासाठी धरून बसू? मंडळी, हा विचार काही चूक नव्हता. त्यांनी गाडी वळवली.

खांबेट्यांच्या घरी ते ओल्या कपड्यांनिशी शिरले. हातांना रक्त होतं. रव्या उशांना टेकून बसला होता. श्वास बरा वाटत होता, नर्सने काहीतरी दिलं होतं. नंदूला पाहून तो हसला.

“आलास? काही नाही रे, वादळ ऐकलं. म्हटलं, ऊर्मी कशी आहे विचारावं.”

नंदूकाका उभेच होते. वनिताने पुढे केलेला टॉवेल त्यांनी घेतला आणि हात पुसले.

“छान आहे,” ते म्हणाले.

“बस मग. गप्पा मारू.”

ते बसले. रव्याने पिठल्याच्या कराराची गोष्ट पुन्हा सांगितली, नर्सला सुद्धा इंग्रजीत समजावली. मग म्हणाला, जेवूनच जा. नंदूकाका उठू बघत आणि तो हात धरी. काकू मधून मधून घड्याळाकडे आणि नवऱ्याकडे बघत होत्या. खिडकीबाहेरची मेपलची झाडं थांबली, वारा पडला, तेव्हा नंदूकाकांनी ओळखलं. तिकडे पाणी परतायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी बंदरात पाणी काठोकाठ होतं, अगदी शहाण्यासारखं. ‘ऊर्मी’ दिसत नव्हती. पाणी चढताना तिची कड धक्क्याच्या फळीखाली अडकली असावी. बोट वर येऊ बघत राहिली, फळी तिला दाबत राहिली, आणि शेवटी ती आडवी होऊन भरली. फक्त निळ्या ताडपत्रीचं एक टोक पाण्यावर होतं आणि त्याच्याभोवती बर्फाची पातळ साय धरत होती. डगने खांद्यावर हात ठेवला. आता बर्फ वितळल्याशिवाय काढता येणार नाही म्हणाला.

नंदूकाका रडले नाहीत. त्यांनी हातातली भरलेली बॅटरी धक्क्यावर ठेवली, थोडा वेळ तिच्यावरच बसले, मग ती पुन्हा उचलून गाडीत आणून ठेवली.

आणि रव्या जगत राहिला. जानेवारी आला, गेला. नंदूकाका दर दोन दिवसांनी जात होते, आणि तो दर वेळी बोटीबद्दल विचारत होता. नंदूकाका त्या बुडालेल्या बोटीचं वर्णन करत. ताडपत्रीवर बर्फ साचला होता, झाडला. दोर बदलले. सीगल येऊन बसतात. आपल्या तोंडून हे इतकं सहज कसं निघतं, याचं त्यांनाच नवल वाटे. रव्या डोळे मिटून ऐके, जसं आपण आवडतं आख्यान ऐकतो तसं, आणि म्हणे, अजून सांग. तेव्हा नंदूकाकांना त्याच्या डोक्याखालची उशी ओढून दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर धरावीशी वाटे. मग ते उठून स्वयंपाकघरात जात आणि थंड पाणी पीत.

फेब्रुवारीत रव्या गेला. झोपेत गेला. वनिताने कपाळावर हात ठेवला तेव्हा कळलं.

अंत्यविधीला मंडळ लोटलं होतं. नंदूकाका शेवटच्या रांगेत बसले. त्यांच्या मनात एकच होतं, शब्द. बोट गेली तरी शब्द राहतोच. दिवसकार्य आटोपल्यावर ते खांबेट्यांकडे गेले. श्रेयस सूटकेस भरत होता. खाट नेली होती, गालिच्यावर तिच्या चाकांचे खड्डे तेवढे राहिले होते. नंदूकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्या घरात उच्चारला. म्हणाले,

“वहिनी, अस्थींचं... मे महिन्यात पाणी मोकळं होईल. माझी बोट नसली तरी मी कुणाची तरी आणीन. रव्याला मी शब्द दिलाय, तुझ्या बोटीतूनच सोड म्हणाला होता. तुम्हाला सांगू नको म्हणाला.”

वनिताने पदराने डोळे टिपले, आणि त्याच पदराआड हसली.

“तुम्हालाही?”

नंदूकाकांना समजलं नाही.

“श्रेयसला म्हणाले, मला गोदावरीतच सोड, आईला सांगू नकोस. तो उद्या नाशिकला निघालाय. शेजारच्या संजयना म्हणाले, तुमच्या मेपलच्या मुळाशी घाला, तोवर झाड कसं आहे ते सांगायला येत चला. ते बिचारे रोज येऊन झाडाची खबर देत होते. आणि मला म्हणाले, मला कुठेही सोडू नकोस, देव्हाऱ्याखाली ठेव.” ती खाली बसली. “माणसं परत यावीत म्हणून प्रत्येकाला काही ना काही मागत होते हो. एकटं राहण्याची फार भीती होती त्यांना. त्या दोघांचं मी आतून ऐकलं होतं आणि गप्प राहिले. तुम्ही खरं धरलंत की काय, भावजी?”

श्रेयस सूटकेस मिटत म्हणाला, “नंदूकाका, ही लव्ह्ड युअर बोट स्टोरीज. ही रिअली डिड.”

आत चहा उकळत होता. वनिता उत्तराची वाट बघत होती. सांगता आलं असतं. पाण्याखालची बोट, पाठ, नखं, देवापुढे मागितलेलं ते मागणं. नंदूकाका म्हणाले,

“छे, छे. सहज विचारलं.”

आणि चहा न घेता निघाले.

एप्रिलमध्ये डगने बोट वर काढली. तळ फुटला होता, इंजिनात गाळ भरला होता, आतल्या गाद्यांना शेवाळ आणि शिंपल्यांचा लेप. दुरुस्त होण्यातली नव्हती. भंगारवाल्याने करवतीने तुकडे केले. अरुणाकाकू म्हणाल्या, नावाची फळी तरी घरी आणू. नंदूकाका म्हणाले, नको.

काकूंनी एकदा समजावूनही पाहिलं. मरणाच्या दारात माणूस घाबरतो, त्याने तुम्हाला धरून ठेवलं, एवढं प्रेम होतं असं समजा. नंदूकाकांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले,

“धरायचं तर हात धरायचा होता. मी गेलोच असतो रोज. बोट कशाला धरली?”



परवाच्या हिवाळ्यात रव्याचं वर्षश्राद्ध झालं. वनिताने देवळाच्या हॉलमध्ये कीर्तन ठेवलं. भारतातून दौऱ्यावर आलेले बुवा होते, आवाज काय सांगावा, समईच्या ज्योतीसारखा सरळ वर जाणारा. उत्तररंगाला त्यांनी सुदाम्याचं आख्यान लावलं. मित्राच्या दारी जाताना त्याचे पाय कसे अडखळतात, ते बुवा सांगत होते आणि हॉलमध्ये नाक ओढल्याचे आवाज येत होते. नंदूकाका माझ्यापासून दोन खुर्च्या पलीकडे होते. ते उठले, चपलांच्या रांगेतून आपले बूट काढले आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. कीर्तन संपलं, प्रसाद वाटून झाला, सगळ्यांनी रवींद्र खांबेट्यांच्या नावाने दोन मिनिटं हात जोडले. नंदूकाका काचेच्या आड, इंजिन चालू ठेवून बसले होते. काकू प्रसादाचा द्रोण घेऊन गाडीत बसल्या, तो त्यांनी घेतला नाही.

ते त्याचं नाव घेत नाहीत आता. कुणी पिठल्याची आठवण काढली की विषय बदलतात. देवापुढे रोज गेलेल्यांची नावं घेतात, आईचं, वडिलांचं, कारखान्यातल्या जुन्या फोरमनचं सुद्धा. तिथे रव्या नाही. पन्नास वर्षांचा मित्र, आणि त्याच्या वाटचं एक नाव घ्यायला त्यांचं तोंड उघडत नाही. माझ्याने त्यांना दोष देववत नाही, आणि त्या भ्यालेल्या जिवालाही देववत नाही.

म्हणून तुम्हाला मागणं आहे. घरी जाल, निरांजन लावाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी एक नाव जास्तीचं घ्या. रवींद्र खांबेटे, विंडसरचे. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, तरी घ्या. ज्याने घ्यायचं त्याच्याने ते होत नाही.